डिस्चार्जच्या फॉर्मवर सिस्टरना किती गुण?

निशिगंध: आई खुब्याच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस खासगी हॉस्पिटलात होती. निघताना बिलाच्या काउंटरवर फॉर्म पुढे आला: नर्सिंगबद्दल समाधानी आहात का? 'उत्तम'वर खूण केली, कारण फाईल अजून त्यांच्याच हातात होती. प्रत्यक्षात रात्री बेल वाजवली की वीस-वीस मिनिटं कुणी फिरकत नसे. बेडपॅन मावशी देणार की सिस्टर, यावर वेगळाच घोळ. असले फॉर्म बंदच करा.

नाईट_ड्युटी: मी १४ वर्षं स्टाफ नर्स आहे. नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे एक. परवा रात्री माझ्याकडे २२ पेशंट आणि मदतीला एक विद्यार्थिनी. एकाला रक्त चढवायला घेतलेलं. पहिली पंधरा मिनिटं पेशंटवर नजर ठेवावीच लागते, गंभीर रिअ‍ॅक्शन येते ती बहुधा तेव्हाच. तेवढ्यात तीन बेल वाजल्या. तिसऱ्या बेडवाल्याने सकाळी 'असमाधानी' लिहिलं. त्याचं चुकलं नाही हो, पण गुण माझे कापले गेले. उलट, दर दोन तासांनी कूस बदलली म्हणून ज्या आजींना बेडसोअर झाला नाही, त्यांच्या घरच्यांना त्यातलं काही कळतही नाही.

परखड: ताई, माणसं कमी आहेत हे मान्य. पण 'आलेच, थोडं थांबा' म्हणायला किती स्टाफ लागतो? आमचे बाबा आयसीयूत होते. तिथे कमतरता नव्हती, तरी सलाईनचा हात हलला की खेकसणं. बाबा घरी आल्यावर ऑपरेशनबद्दल बोललेच नाहीत, त्या खेकसण्याबद्दलच बोलले. फॉर्म हवेतच.

नाईट_ड्युटी: खेकसणं चूकच. त्याची बाजू घेत नाही.

रकानेवाला: प्रश्नच चुकीचा विचारतात. अमेरिकेत हॉस्पिटलातून गेलेल्या पेशंटची 'एचकॅप्स' नावाची पाहणी होते, तिच्यात 'समाधानी का' यावर भर नाही. सिस्टरनी किती वेळा नीट ऐकून घेतलं, समजेल असं सांगितलं, हे विचारतात. उत्तरं 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. आणि तेही डिस्चार्जनंतर निदान दोन दिवसांनी, पेशंट घरी गेल्यावर.

निशिगंध: घरी विचारलं असतं तर मी खरं लिहिलं असतं. 'बंद करा' मागे घेतो.

नाईट_ड्युटी: मग एक रकाना वाढवा: त्या रात्री वॉर्डात सिस्टर किती होत्या?

परखड: तो हॉस्पिटलवाले छापतील तेव्हा ना!