मदत हवी आहे: जादू करणारा नोम, पण हातात पाना

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणातले पाच जण. जून-जुलैची मासेमारी बंदी, बाहेर धो धो पाऊस, लाईटचा भरवसा नाही. म्हणून बॅटरीच्या उजेडात डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन टेबलावर खेळायचा कथेचा खेळ) खेळतोय, 2014 च्या नियमांनी.

माझं पात्र रॉक नोम (बुटक्या, कारागीर जमातीतला) विझार्ड म्हणजे जादूगार आहे, सध्या तिसऱ्या लेव्हलला. त्याची जादू यंत्रासारखी दिसावी असं मला वाटतं. त्याची मंत्रांची वही म्हणजे इंजिन मेस्त्रीची ग्रीस लागलेली डायरी. फाइंड फॅमिलियर या सोबती बोलावणाऱ्या मंत्राने आलेला खेकडा पितळी चाकांची कुर्ली म्हणून दाखवतो. (कुर्ली म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना भूक लागते, तो भाग वेगळा.)

अडचण अशी की नोमची टिंकर कला (छोटी यंत्रं बनवायची) फारच तोकडी. एक तास आणि दहा सोन्याची नाणी घालून केलेलं खेळणं, हिट पॉइंट (जीव) एक, चोवीस तासांत बंद. एकावेळी तीनच. लढाईत त्याचा उपयोग शून्य.

एक मित्र म्हणतो, पुढची लेव्हल आर्टिफिसरची (जादुई वस्तू बनवणाऱ्या कारागिराची) घे. चिलखत आणि ढाल मिळते, स्पेल स्लॉटही (मंत्र किती वेळा टाकता येतात तो साठा) मागे पडत नाहीत. पण विझार्डचे वरचे मंत्र एक लेव्हल उशिरा येतील, आणि फॅब्रिकेटसाठी (कच्च्या मालातून वस्तू बनवणारा वरचा मंत्र) मी जीव टाकतोय!

तुम्ही काय केलं असतं? आणि मी जादूला यंत्राचं रूप दिलं की डीएम (खेळ चालवणारा) दर वेळी ‘नुसतं वर्णन, नियम नाही’ म्हणून थांबवतो, त्याला कसं पटवायचं? यंत्राचं सोंग घेता येईल असे पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे मंत्रही सुचवा.