गावानं ५८ हजार जमवलेत, वर्गासाठी नेमकं काय घेऊ?

वस्तीवरच्या_बाई (ता. केज, जि. बीड)

नमस्कार. केज तालुक्यातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथं मी शिकवते. पहिली ते चौथी, पट ३४, शिक्षक दोघं. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं. दोन खोल्या, एक स्लॅबची आणि एक पत्र्याची. पत्र्याची माझी.

यंदा सप्त्याच्या पंगतीतून २१ हजार उरले. गावकऱ्यांनी त्यात घरटी वर्गणी घातली आणि ५८ हजार रुपये शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर जमा केले. "लेकरांसाठी काहीतरी डिजिटल घ्या," एवढंच सांगितलं. यातले कितीतरी पैसे हातावर पोट असलेल्या घरांतून आलेत. म्हणून झोप लागत नाही.

बैठकीत प्रत्येकाचं वेगळं म्हणणं पडलं. सरपंचांना मोठं टच पॅनेल हवंय, शेजारच्या गावात आहे म्हणून. त्याचं कोटेशन आलं १ लाख १८ हजारांचं. तरुण पोरं म्हणतात, ८ टॅब घेऊ. एक आजोबा म्हणाले, "बाई, आधी पत्रे बदला." मे महिन्यात त्या खोलीत बसलेल्या कुणालाही त्यांचं म्हणणं पटेल.

टॅबची मला भीती वाटते, कारण आमच्या कपाटात आधीचे ६ टॅब आहेत. चार वर्षांपूर्वी एका संस्थेनं दिले होते. वर्षभर बरे चालले. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते होते तसेच कुलूपबंद केले. जूनमध्ये कपाट उघडलं तर ३ सुरूच होईनात, एकाचं पोट फुगलं होतं. बॅटरी पूर्ण उतरलेली ठेवू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता २ चालतात.

माझं शिकवणं कुठं अडतं तेही सांगते. दुसरीत १० लेकरं आहेत, त्यातली ४ अजून जोडाक्षराला थांबतात. हातच्याची वजाबाकी फळ्यावर घेतली की सगळे एका सुरात उत्तर देतात, आणि वहीत ४२ वजा १७ केले की निम्म्या जणांचे ३५ येतात. ७ मधून २ गेले ५, ४ मधून १ गेला ३. खालून वरून, जो मोठा त्यातून लहान वजा.

लाईटचा भरवसा नाही. रेंज फक्त ओट्यावर, लिंबाखाली येते. आणि दिवाळीनंतर ९ लेकरं आई-बापासोबत ऊसतोडीला जातात. काहींना आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून घेतो, तरी सगळी राहत नाहीत. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर ती परत येतात तेव्हा मला पुन्हा अक्षरांपासून सुरू करावं लागतं.

कृपा करून नुसतं "हे घ्या, मस्त आहे" असं लिहू नका. तुम्ही कोणत्या पाठाला काय वापरलं, ते किती दिवस टिकलं आणि बंद पडल्यावर काय केलं, ते सांगा.

---

औशाचे_गुरुजी (जि. लातूर)

बाई, मी ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालोय. तुमच्या लिहिण्यातलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं सांगू? ४२ वजा १७ बरोबर ३५. ज्या बाईंना आपल्या लेकरांची चूक इतकी नेमकी ठाऊक आहे, त्यांनी काय घ्यायचं हे त्या चुकीलाच विचारावं.

टच पॅनेलवर तुम्ही बोटानं लिहाल, लेकरं बघतील. म्हणजे फळाच झाला, थोडा चकचकीत. त्यानं ३५ चे २५ होणार नाहीत. लेकराची वही सगळ्या वर्गाला दिसली पाहिजे, त्याच्याच अक्षरात.

मी शेवटची सहा वर्षं हे केलं. एक टीव्ही, आणि गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेला फूटभर उंचीचा लोखंडी स्टँड. त्यावर फोन आडवा ठेवायचा, कॅमेरा खाली, आणि कॅमेऱ्यात दिसतंय ते टीव्हीवर घ्यायचं. खाली वही ठेवायची. नावावर पट्टी ठेवायची, आणि ज्याची वही आहे त्याला आधी विचारायचं. पहिले आठ दिवस मी फक्त बरोबर उत्तरांच्या वह्या ठेवल्या, म्हणजे भीती जाते. मग एक चुकलेलं गणित ठेवलं आणि विचारलं, "ह्यानं काय विचार केला असेल?" एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, त्याला २ मधून ७ जातच नाहीत असं वाटलं, म्हणून त्यानं उलटं केलं." तिनं जे सांगितलं ते मी दहा वेळा सांगून झालं होतं. तिच्या तोंडून ते वर्गाला कळलं.

मग त्याच कॅमेऱ्याखाली काड्यांचे गठ्ठे. ४ गठ्ठे, २ सुट्या. एक गठ्ठा सोडायचा, झाल्या १२ सुट्या. त्यातल्या ७ काढा. रबर सुटताना सगळ्यांना दिसतो. एरवी पुढच्या ओळीतल्या चौघांनाच दिसायचा.

टीव्हीच्या मापाचं एक सांगतो. वाचायचं काही दाखवणार असाल तर शेवटचं लेकरू पडद्याच्या उंचीच्या साधारण ६ पटींपेक्षा लांब नसावं. ४३ इंची टीव्हीची उंची जेमतेम पावणेदोन फूट, म्हणजे साडेदहा फुटांच्या आत बसवा. ५५ इंचीला साडेतेरा फूट चालतात. तुमची लेकरं कमी आहेत. सतरंजीवर अर्धगोल करून बसवा, ४३ इंची पुरतो. पुस्तकाचं अख्खं पान पडद्यावर टाकू नका, दोन ओळी मोठ्या करून टाका.

व्हिडिओचं म्हणाल तर बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात. रेंज असेल तिथं उतरवून घ्यायचे, वर्गात बिनइंटरनेटचे चालतात. पण ३-४ मिनिटांच्या वर एकही तुकडा नको. मधे थांबवून "आता पुढं काय होईल?" विचारायचं. सलग दाखवला की लेकरं शांत बसतात, आणि ती शांतता आपल्याला शिकणं वाटते. मी दोन वर्षं त्यात फसलो.

वरच्या वर्गांना मात्र पडद्याचा एक उपयोग फार मोठा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मांजरा धरण तुमच्याच तालुक्यात, धनेगावला. त्याच्या पाण्यावर आमचं लातूर जगतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ते आटलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. सातवीच्या लेकरांना मी गूगल अर्थवर त्या धरणाची जुनी उपग्रहचित्रं दाखवली, भरलेलं आणि आटलेलं, एकामागोमाग. मग विचारलं, आपल्या गावाला ती एक गाडी किती दिवस पुरली असती? पोरांनी घरी जाऊन हंडे मोजले. तेव्हा काही पोरं दोन-तीन वर्षांची होती, त्यांना काही आठवत नव्हतं. त्यांच्या आयांना सगळं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी शाळेत येऊन सांगून गेल्या. भूगोलाचा असा तास मला पुन्हा घेता आला नाही.

---

सोलार_वायरमन (नांदेड)

मी शिक्षक नाही. शाळांची फिटिंगची कामं करतो, म्हणून तेवढंच सांगतो.

मॅडम, पहिला खर्च अर्थिंगचा करा. बऱ्याच शाळांत बोर्डाला तिसरी पिन असते, पण तिची वायर कुठंच गेलेली नसते. लेकरं ओल्या हातानं हात लावतात. खड्डा, कोळसा-मीठ, पट्टी, वायर आणि चांगला ट्रिपर, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारं बटण, बसवून घ्या. हे झाल्याशिवाय टीव्ही भिंतीला लावू नका.

दुसरा खर्च इन्व्हर्टरचा. १५० एएचची (अँपिअर-तासाची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती पूर्ण उतरवायची नसते, थोडी वीज इन्व्हर्टर खातो. हाताशी १००० धरा. ४३ इंची एलईडी टीव्ही ८० वॅटच्या आसपास घेतो, दिवसभर काळजी नाही. प्रोजेक्टर अडीचशेच्या पुढं जातो, चार तासही निघणार नाहीत. शिवाय पत्र्याच्या खोलीत फटीतून ऊन येतं, चित्र फिकं पडतं. अंधार करायला खिडक्या लावाल तर लेकरं उकडून निघतील. आपल्याकडची धूळ फिल्टरमध्ये बसली की मशीन तापून बंद पडतं. प्रोजेक्टर नकोच.

दुकानात जाताना तुमचाच फोन न्या आणि त्याचं चित्र त्या टीव्हीवर इंटरनेट बंद ठेवून घेऊन बघा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमधून केबलनं चित्र जात नाही. काही टीव्हींना फोन थेट बिनतारी जोडता येतो, काहींना वाय-फाय लागतंच. दुकानदार सगळ्याला "होतंय" म्हणतो. तुमच्या डोळ्यांसमोर झालं तरच पैसे द्या.

पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि टॅब: सुट्टीत बंद करून, निम्मी बॅटरी भरून, गार जागी ठेवायचे, महिन्यातून एकदा बघायचे. फुगलेला आहे तो आजच कपाटातून बाहेर काढा. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. पेट घेतो.

---

पूर्णाकाठची (जि. परभणी)

टॅबवर एवढी फुली मारू नका, ताई. तुमचे दोन चालू आहेत ना? तेवढे पुरे आहेत. आमच्याकडंही दोनच होते. त्यावर गूगलचं रीड अलाँग टाकलं होतं. २०१९ मध्ये ते 'बोलो' नावानं आलं, तेच. लेकरू मोठ्यानं वाचतं, ते ऐकतं आणि अडलेला शब्द वाचून दाखवतं. मराठी गोष्टी आहेत, एकदा उतरवल्या की नेट लागत नाही.

वर्गात मात्र ते चालत नाही. ३० लेकरांच्या गलक्यात त्याला ऐकू येत नाही, बरोबर वाचलेलंही ते चूक धरतं, आणि लेकरू हिरमुसतं. आम्ही व्हरांड्याच्या टोकाला एक गोणपाट टाकलं, तिथं एकेकानं १२ मिनिटं बसायचं. रोज फक्त अडणारी लेकरं, सगळी नाही. शेजारी चौथीतली एक पोरगी. वहीत तारीख आणि अडलेले शब्द तीच लिहायची. शुक्रवारी ते शब्द मी फळ्यावर घ्यायची. जोडाक्षराला अडणाऱ्या माझ्या ५ लेकरांतली ३ दिवाळीपर्यंत सुटली. उरलेल्या दोघांना टॅबचा काही उपयोग झाला नाही. त्यांना मी मांडीजवळ घेऊन वाचायला बसवलं, तेव्हा जमलं.

---

कोयत्याची_लेक (छत्रपती संभाजीनगर)

बाई, मी तुमच्याच भागातली. आता दवाखान्यात नर्स आहे. माझे आई-बाप तोडीला जायचे, मी पाचवीपर्यंत त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, राहिले.

वर सगळं भिंतीवरच्या टीव्हीचं चाललंय. त्या ९ लेकरांचं कुणीच बोललं नाही.

पहाटे तीनला आई-बाप फडात जातात. लेकरू लहान भावंडाला घेऊन कोपीवर असतं. घरातला फोन बापाच्या खिशात असतो, तो रात्रीच मिळतो आणि तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. त्यामुळं तिथं ॲप चालणार नाही. पण टोळीत गाण्यांचा डबा असतोच. मेमरी कार्डचा तो छोटा स्पीकर, ज्यावर सगळे भजनं आणि भीमगीतं लावतात. तुमच्या आवाजात पाठ त्यावर भरून द्या. लेकराला ओळखीचा आवाज पाहिजे. पुस्तक हातात, आणि डब्यातून बाई सांगतायत, "पान १४ काढ, पहिल्या ओळीवर बोट ठेव, आता माझ्यामागं वाच."

तिसरीत असताना मला सहा महिने कुणी नावानं हाक मारली नव्हती. आई "अगं" म्हणायची, बाकी सगळे "ए पोरी". त्यात लेकराचं नाव घ्या बाई.

---

वस्तीवरच्या_बाई (ता. केज, जि. बीड)

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं उत्तर मी काल शाळेत सरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आज समितीची बैठक झाली. ठरलं ते असं: अर्थिंग आणि ट्रिपर, इन्व्हर्टर-बॅटरी, ४३ इंची टीव्ही, वेल्डरचा स्टँड. टीव्ही स्लॅबच्या खोलीत लावायचा आणि दोन्ही वर्गांनी वाटून घ्यायचा. पॅनेल नाही म्हटल्यावर सरपंच नाराज होते. मग मी स्टँड नसताना दोन पुस्तकांच्या थप्पीवर फोन ठेवला, घरून आणलेल्या टीव्हीवर त्यांच्याच नातवाची वही दाखवली. त्यांनी स्वतः खाली वाकून विचारलं, "हे पस्तीस कसं आलं रं?" नातवानं सांगितलं. त्यानंतर पॅनेलचा विषय निघाला नाही.

फुगलेला टॅब कपाटातून काढून बाहेर वाळूच्या घमेल्यात ठेवलाय, तालुक्याला गेले की ई-कचऱ्यात देते. चालू असलेले दोन सोमवारपासून व्हरांड्यात.

उरतील त्या पैशांत ९ छोटे स्पीकर आणि ९ कार्डं बसतात, हिशेब करून पाहिला. पत्र्यांसाठी ग्रामपंचायतीकडं वेगळा अर्ज दिलाय, आजोबांच्या सहीनं.

परवा रात्री घरी सगळे झोपल्यावर पहिला पाठ बोलून बघितला. फोनजवळ बसून एका लेकराचं नाव घेतलं आणि पुढं बोलता येईना. तिसऱ्या वेळेला जमला. ९ लेकरांचे ९ वेगळे करायचे म्हटल्यावर वेळ लागणार. मुकादमानं तोडीची उचल (आगाऊ पैसे) वाटलीय, टोळ्या दिवाळीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी निघतील.

@कोयत्याची_लेक, एक विचारायचं होतं. कोपीवर ऐकायला लेकराला निवांत वेळ कोणता मिळतो, दुपारचा की दिवे लागल्यावरचा? त्याप्रमाणं पाठाची लांबी ठरवते.