गाळ्यात आग लागली तर... तयारी नेमकी काय करायची?

प्रश्न: आमच्या व्यापारी संघटनेच्या मीटिंगमधे ठरलंय की प्रत्येकाने आपापला गाळा आगीच्या दृष्टीने तपासायचा, पण तपासायचं काय ते कोणीच धड सांगत नाही. खाली दुकान, वर माल, एक्स्टिंग्विशर आहे भिंतीला. बास का तेवढं?

रिप्लाय १: नाही हो बास. आधी एक्स्टिंग्विशरच्या प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. एबीसी पावडरवाला कागद-कापड, तेल, गॅस सगळ्याला चालतो पण विजेच्या पॅनलजवळ सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसवाला) बरा, पावडरचा राडा होत नाही. सीओटूला मात्र काटा नसतो, वजन करूनच कळतं भरलाय की नाही. आणि मारताना पिन काढून नळी आगीच्या बुडाशी धरायची, लोक वर ज्वाळांवर मारत बसतात आणि तेवढ्यात रिकामा होतो!

रिप्लाय २: मागचं दार बघा आधी. निम्म्या ठिकाणी तिथे खोकी रचलेली असतात, वर कुलूप, अन् किल्ली मालकाच्या खिशात 😡 धुरात माणूस गुदमरून जातो, भाजायच्या आधी.

रिप्लाय ३: +१. मेन स्विच कुठंय ते पोऱ्यालापण माहीत पाहिजे. विमा, बिलं यांचे फोटो दुसरीकडे ठेवा.

प्रश्नकर्ता: मागच्या दाराचं खरंय, उद्याच खोकी हलवतो.