सांजाव कोण, जुवांव कोण (फॅमिली ग्रुप)

मंदाताई (मडगाव): व्हिवा सांजाव!! पोरं डोक्यावर कोपेल (पानाफुलांचा मुकुट) घालून सकाळपासून वाड्यातल्या विहिरीत धपाधप उड्या मारतायत. पाऊसही जोरात.

नितीनकाका: सांजाव म्हणजे नेमकं कोण गं ताई?

मंदाताई: सांव जुवांव. बाप्तिस्मा देणारा सेंट जॉन. २४ जून त्याचा जन्मदिवस, नाताळच्या सहा महिने आधी. येशूची आई मारिया याच्या आईला भेटायला आली तेव्हा यानं आईच्या पोटातच उडी मारली म्हणे, म्हणून विहिरीत उड्या.

ओंकार: जॉनचा जुवांव कसा काय झाला पण?

ऋता (म्युनिक): जॉनचा नाही रे, पोर्तुगीज ‘जुआंव’चा. आणि जॉनसुद्धा मूळ नाव नाहीच. मूळ हिब्रू योहानान, म्हणजे ‘यहोवानं कृपा केली’. ग्रीकमध्ये इओआन्नेस, लॅटिनमध्ये योहान्नेस. आपल्या मराठी बायबलातला ‘योहान’ इंग्रजीपेक्षा मुळाच्या जास्त जवळ आहे!

ओंकार: भारी 😄

ऋता: गोंधळ सगळा पहिल्या अक्षराचा, इंग्रजी ‘जे’चा. लिहायला तेच, पण जर्मन ‘य’ म्हणतात, स्पॅनिश ‘ह’ (हुआन), इंग्रज ‘ज’. फ्रेंच झाँ म्हणतात. इटलीत जोव्हान्नी, रशियात इव्हान, हंगेरीत यानोश. इथल्या हान्सनं तर नावाचं पुढचं टोकच उडवलंय, योहान्नेसमधलं नुसतं शेपूट ठेवलं.

नितीनकाका: म्हणजे इव्हान आणि जॉन एकच?? 🤔

ऋता: हो काका. डॉन हुआन आणि डॉन जोव्हान्नी पण एकच. आयरिश लोकांनी तर दोनदा घेतलं. आधी लॅटिनवरून ओइन, मग नॉर्मन लोक आले तेव्हा त्यांच्या फ्रेंच नावावरून शॉन. दोन्ही आजही चालतात.

मंदाताई: बायकांचं काय गो?

ऋता: जेन, जोआना, इव्हाना, हुआना. फ्रेंचांच्या झान दार्कला इंग्रजांनी खुशाल जोन ऑफ आर्क करून टाकलं.

ओंकार: आणि जोन्स आडनाव?

ऋता: जॉनचा मुलगा. वेल्समध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच. गंमत म्हणजे जुन्या वेल्श वर्णमालेत ते इंग्रजी ‘जे’ अक्षरच नव्हतं. जॉन्सन, यान्सेन, इव्हानोव्ह सगळी त्याच घरची.

नितीनकाका: मग आपला जनार्दन पण त्यातलाच असणार. मी आधीपासून म्हणतोय, सगळं इथूनच गेलंय तिकडे.

ऋता: नाही हो काका 🙏 जनार्दन संस्कृत. नुसता ‘ज’ जुळला म्हणून सोयरीक जमत नाही.

नितीनकाका: बरं. पण जानोबा?