आधी खरं सर्किट की आधी सिम्युलेशन? (नववी, धाराविद्युत)

शिकाऊ_मास्तरीण
बी.एड. दुसरं वर्ष, विज्ञान मेथड. इंटर्नशिप सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत चालू आहे आणि नववीचा ओहमचा नियम (व्होल्टेज वाढवलं की धारा त्याच प्रमाणात वाढते, म्हणून आलेख सरळ रेषेत येतो) माझ्या वाट्याला आलाय. वर्ग ६० चा, धड चालणारे ॲमीटर (धारा मोजायचं यंत्र) २. वर्गात स्मार्ट टीव्ही मात्र आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला, एरवी त्याच्यावर चादर असते.

गेल्या तासाला 'फेट'चं सर्किटचं सिम्युलेशन दाखवलं (कोलोरॅडो विद्यापीठाचं, फुकट आहे). एकाने बॅटरीची दोन्ही टोकं तारेने थेट जोडली आणि पडद्यावर आग लागली. मग काय, प्रत्येकाला उठून आग लावायची होती! टेबलावर मी शॉर्ट सर्किट करू दिलं नसतं, म्हणून तो दंगा चालवून घेतला. नंतर खरे सेल, तारा, टॉर्चचे बल्ब गटांत वाटले, तर निम्म्या गटांचे बल्ब लागेनात. क्लिपांना गंज, होल्डर ढिले. एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, टीव्हीत तर लगेच लागतो की!"

शाळेतले सर म्हणतात, आधी वस्तू हातात द्या, टीव्ही नंतर. कॉलेजच्या निरीक्षण तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना आहे, त्यामुळे आमची अख्खी बॅच गरज असो नसो पीपीटी लावते आणि अक्षरं उडत उडत येतात. मला वाटतं, डोळ्याला जे दिसत नाही, म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन, तेवढ्यापुरता टीव्ही लावावा. बल्ब लागलेला दाखवायला टीव्ही कशाला? पण क्रम काय ठेवू? पुढचा पाठ निरीक्षणाचा आहे.

खडू_डस्टर
आधी खरं. कळ दाबायच्या आधी वहीत लिहून घ्या: सेल वाढवला तर ॲमीटरचा काटा किती सरकेल? एकदा लिहिलं की पोरं काट्यावरून नजर हलवत नाहीत. बल्ब नाही लागला तर मल्टीमीटर द्या आणि जोडणी कुठे तुटली आहे ते त्यांनाच शोधू द्या. टीव्हीत ती वेळच येत नाही.

आणि ओहमच्या नियमाला टॉर्चचा बल्ब घेऊ नका हो. तंतू तापला की रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, वाढतो, आलेख वाकडा येतो आणि तुम्ही फळ्यापाशी अडकता. नायक्रोम या मिश्रधातूची तार घ्या, तिचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, कळ वाचन घेण्यापुरतीच दाबा. बल्ब पुढच्या तासाला काढा आणि त्याचा आलेख सरळ का येत नाही ते विचारा. नववीची पोरं बरोबर शोधतात.

दुर्बीणवाला
खडू_डस्टर, तुमचं २० च्या तुकडीला ठीक आहे. ६० पोरं आणि २ ॲमीटर म्हटल्यावर पुढचे चौघे प्रयोग करणार, बाकीचे एकमेकांच्या वह्यांवर चित्रं काढणार. आमच्याकडे मी सिम्युलेशन आधी घेतो. ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर, हे पडद्यावर चुकून चुकून पक्कं झालं की मगच उपकरणाला हात लावू देतो. ॲमीटर सरळ बॅटरीला जोडून एकदा जळाला की वर्षभर नवीन येत नाही.

टीव्हीतला बल्बही मंद करता येतो. 'लॅब' भागात बॅटरीचा अंतर्गत रोध आणि तारेची रोधकता वाढवायची सोय आहे. त्या मुलीलाच पुढे बोलवा आणि तिच्याकडून वाढवून घ्या.

झेडपीचा_मास्तर
वीज, नेट आणि टीव्ही तिन्ही एकाच तासाला हजर असतील, या भरवशावर पाठ टाचण काढू नका. सिम्युलेशनची फाइल उतरवून घेता येते, मग नेट लागत नाही. टीव्हीचा ब्राउझर दगा देतो, लॅपटॉप केबलने जोडा.

इलेक्ट्रॉन दाखवणार असाल तर तयारीने जा. पडद्यावर ते ऋण टोकाकडून धन टोकाकडे जाताना दिसतील, पुस्तकातला बाण नेमका उलटा. सांकेतिक दिशेचे बाणही तिथेच निवडता येतात, दोन्ही पाठोपाठ दाखवा. आणि व्हिडिओ बघण्यात तास घालवू नका. परितेवाडीच्या दिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यात पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. ते कोड घरी मोबाइलवर बघायला आहेतच.

शिकाऊ_मास्तरीण
सगळ्यांचे आभार. असं करते: जोडणी कुठे काय करायची ते १० मिनिटं टीव्हीवर, तेही पोरांच्या हातून. मग टीव्ही बंद. दोन टेबलांवर नायक्रोम, गट आळीपाळीने येतील, बाकीचे अंदाज लिहून आलेखाचे अक्ष आखतील. इलेक्ट्रॉन शेवटी. रकान्यात टिक पडेलच.
मल्टीमीटर शाळेत नाहीये, स्वस्तातला डिजिटल चालेल का?

खडू_डस्टर
चालेल. आत ९ व्होल्टची बॅटरी आहे का तेवढं दुकानातच उघडून बघा. आणि पाठाच्या आदल्या दिवशी दोन्ही ॲमीटरचे काटे शून्यावर आहेत का ते तपासा, आमच्या एकाचा कायम अर्धा घर पुढे असतो.