‘ईसीएम गेला’ की ‘ईसीएमचं ऐकू येत नाही’?

प्रश्न, चाळीसगाव

नमस्कार. आमच्या गाडीला तीन-चार महिन्यांपासून एक खोड लागली आहे. धुळे रस्त्याला खड्डा आला की इंजिन चालू असतानाच आरपीएमचा काटा धपकन शून्यावर येतो, एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि स्टिअरिंगचे दिवे लागतात. मिनिटभराने सगळं आपोआप जागेवर. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला यू०१००. मिस्त्री म्हणाले, ‘ईसीएम (इंजिनचा कंप्यूटर) गेला, नवीन टाकावा लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून आम्ही गाडी तशीच घरी आणली. स्कॅनरच्या पडद्यावर मात्र ‘लॉस्ट कम्युनिकेशन विथ ईसीएम’ असं होतं. माझी शंका शब्दाची आहे. ‘संपर्क तुटला’ आणि ‘गेला’ हे एकच का? आणि इथल्या ‘कम्युनिकेशन’ला संपर्क म्हणावं, संवाद म्हणावं की संदेशवहन?

उत्तर, भुसावळ

ताई, आधी ईसीएमची ऑर्डर थांबवा, मग शब्दाकडे येऊ. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, रोज हेच करतो.

आपल्याकडे ‘गेला’ हा शब्द फार सैल वापरतात. बल्ब गेला, फ्यूज गेला, सेन्सर गेला. बल्ब-फ्यूजला तो बरोबर बसतो, कारण ते खरंच जातात आणि परत येत नाहीत. पण तुमचा काटा मिनिटभराने परत येतो. आणि काटा शून्यावर असताना इंजिन चालूच होतं ना? पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी द्यायची, हे सगळं ईसीएम बघतो. तो गेला असता तर गाडी रस्त्यातच उभी राहिली असती. म्हणजे ईसीएम काम करत होता, फक्त डॅशबोर्डवरच्या मीटरला त्याचं ऐकू येत नव्हतं.

यू०१०० हा कोड ईसीएम स्वतःबद्दल लिहीत नाही. एबीएस, मीटर, स्टिअरिंग यांच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे छोट्या कंप्यूटरमध्ये, तो साठतो. ती ऐकणाऱ्याची तक्रार आहे. म्हणून मी गिऱ्हाइकाला ‘संपर्क तुटला’ असंही सांगत नाही. त्यात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही हेच कळत नाही. मी सांगतो, ‘एबीएसला ईसीएमचं ऐकू येत नाही.’ असं म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. बाकीच्यांना येतंय का? सगळ्यांचीच तक्रार असेल तर बोलणाऱ्याला सप्लाय आणि अर्थिंग मिळतंय का? तो बोलतोय पण मधली तार तुटली का? की तिसरंच कुणी बिघडून लाइनवर सारखा गोंगाट करतंय? हे सगळं तपासून झाल्यावर शेवटी मॉड्यूलवर शंका घ्यायची.

संवाद की संदेशवहन, यात मला ‘संवाद’ पटत नाही. संवादाला दोघं लागतात, समोरासमोर. कॅन लाइनवर, म्हणजे ज्या दोन तारांवर सगळी मॉड्यूल बोलतात तिथे, तसं नसतं. बॉशने १९८६ साली ही पद्धत जाहीर केली. तिच्यात संदेशावर घेणाऱ्याचा पत्ता नसतो, विषयाचा नंबर असतो. ईसीएम ‘आरपीएम इतके’ असं एकदाच लाइनवर टाकतो, सगळे ऐकतात, ज्याला गरज तो घेतो. आपल्या गावातल्या दवंडीसारखं. दोघं एकदम बोलायला लागले तर लहान नंबरवाला पुढे जातो, दुसरा गप्प बसून नंतर बोलतो. या लाइनला ‘बस’ही म्हणतात, तो शब्दसुद्धा मुळात लॅटिन ‘ओम्नीबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’, यातून आलाय. म्हणून मी तरी ‘दवंडी’च्या बाजूचा आहे.

आता तुमच्या गाडीचं. बॅटरीचं टर्मिनल काढा, पाच मिनिटं थांबा. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर लावून ओहम मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचा रेझिस्टन्स असतो, ते समांतर जोडलेले असल्याने दोन्ही मिळून ६०च्या आसपास यायला पाहिजे. १२० आलं तर एका टोकापर्यंत तार पोचत नाही. शून्याजवळ आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. मीटर लावलेला ठेवून दुसऱ्या माणसाला वायरिंग हलवायला सांगा, हे महत्त्वाचं. तुमचा फॉल्ट खड्ड्यात येतो, उभ्या गाडीत ६०च दाखवेल. काही गाड्यांत मधे गेटवे, म्हणजे सॉकेट आणि आतली लाइन यांच्यामधलं वेगळं मॉड्यूल, असतं, तिथे सॉकेटवर मोजून आतली लाइन कळत नाही. तेवढं मिस्त्रींना विचारा.

धुळे

आमच्याकडचे जुने मिस्त्री अहिराणीत सरळ म्हणतात, ‘ईसीएम बोली नही राह्यना.’ ‘गेला’पेक्षा हे कितीतरी बरं. न बोलणारा माणूस मेलेला नसतो, रुसलेला असू शकतो, तोंडावर हात ठेवलेला असू शकतो.

भुसावळ

भाऊ, बरोबर, पण त्यातही दोष बोलणाऱ्याकडे जातो. तो बोलत असेल आणि यांनाच ऐकू येत नसेल तर? माझ्या मते कोड वाचताना नेहमी कानाच्या बाजूने वाचावा. ‘ऐकू ई नही राह्यनं’ म्हणा की!

जळगाव

मी मराठी शिकवते, गाडीतलं मला काही कळत नाही. पण या चर्चेत ‘निदान’ शब्द यायला हवा. आपण तो ‘रोग ओळखणे’ एवढ्यापुरता वापरतो (आणि ‘निदान फोन तरी कर’ मधला वेगळाच). आयुर्वेदात मात्र निदान म्हणजे रोगाचं कारणसुद्धा. तिथे हेतू वेगळा, रूप म्हणजे दिसणारं लक्षण वेगळं. स्कॅनरचा कोड हे रूप झालं. ‘स्कॅनरने निदान केलं’ असं जाहिरातींत लिहितात ते मला चुकीचं वाटतं. स्कॅनरने लक्षण सांगितलं, निदान मीटर हातात धरणाऱ्या माणसाने करायचं आहे.

भुसावळ

ताई, हे मी गॅरेजमध्ये लिहून लावणार आहे. पोरं कोड वाचतात आणि थेट पार्ट मागवतात.

प्रश्नकर्ती, चाळीसगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. मीटरवर ६०.४ आलं. मी मीटर धरून बसले, ते बॉनेट उघडून वायरिंग हलवत गेले. बॅटरीच्या ट्रेखालच्या वायरिंगला हात लागला आणि आकडा एकदम १२०! सोडला की परत ६०. टेप उकलली तर आत हातानेच पिळून जोडलेली तार निघाली, तांब्यावर हिरवा गंज चढलेला. दोन वर्षांपूर्वी गाडी पुढून ठोकली गेली होती, तेव्हाचा जोड असणार. आता तो जोड नुसता साफ करून परत टेप लावली तर चालेल का?

भुसावळ

नाही. गंज लागलेला तुकडा कापून टाका, चांगल्या तांब्यापर्यंत या, सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवून ती गरम करून घट्ट बसवा. तार कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा मधे घाला.

आणि मिस्त्रींना ‘पीळ’ हा शब्द आठवणीने सांगा. कॅनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. लाइन गप्प असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनपर्यंत चढते, दुसरी दीडपर्यंत उतरते, आणि मॉड्यूल दोन्हींतला फरक वाचतं. अल्टरनेटरचा, स्पार्कचा त्रास आला तर पिळामुळे तो दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच लागतो आणि फरक तसाच राहतो. जोड द्यायला तारा हातभर उलगडून तशाच सुट्या ठेवल्या तर तिथे त्रास शिरायला जागा मिळते. जोड झाला की पीळ परत घाला, दोन्ही जोड समोरासमोर न ठेवता थोडे मागेपुढे ठेवा. मग कोड उडवा, धुळे रस्त्याच्या त्याच खड्ड्यांतून एक फेरी मारा आणि परत स्कॅनर लावून बघा. यू०१०० आला नाही तर मला इथे कळवा.