घरबसल्या ऑडिशन, पण दुरुस्ती सांगणार कोण?
ऑनलाइन ऑडिशनमुळे गावाकडच्या मुलांची ऑडिशनसाठी मुंबईत अंधेरीला जायची खेप वाचली, असं म्हटलं जातं, ते पटतं. 'कौन बनेगा करोडपती'च्या 12व्या पर्वाचंच बघा. मे 2020 मध्ये नोंदणी सुरू झाली आणि पुढची चाळणीही, म्हणजे सामान्यज्ञानाची चाचणी आणि स्वतःचा व्हिडिओ, सोनी लिव्ह अ‍ॅपवरूनच झाली. पण प्रश्नमंजुषा वेगळी आणि मालिकेतली भूमिका वेगळी.

नांदेडला असलेल्या माझ्या भाचीने त्या काळात मालिकांसाठी सेल्फ-टेप, म्हणजे घरीच स्वतः रेकॉर्ड केलेले ऑडिशनचे व्हिडिओ, पाठवले. समोरच्या पात्राचे संवाद म्हणायला घरात फक्त तिची आई. ती बिचारी वाचून दाखवल्यासारखं बोलायची, त्यावर प्रतिक्रिया द्यायची कशी? समोरासमोरच्या ऑडिशनमध्ये पहिला टेक फसला तरी कुणीतरी सांगतं, "जरा दबून बोल, घाई करू नकोस," आणि दुसऱ्या टेकमध्ये कळतं की हा माणूस सूचना पकडतो की नाही. मला तर तीच खरी परीक्षा वाटते. पाठवलेल्या व्हिडिओत तिला जागाच नाही. काही कास्टिंगवाले दुसरी फेरी व्हिडिओ कॉलवर घेत, तिथे ही कसर थोडी भरून निघायची, फक्त तेवढा वेळ नेट टिकायला हवं.